शहाण्या पोराचं दावं

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला माझ्या आयुष्याची लाज वाटते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी थाट सांगतात, मग हाल सांगतात आणि शेवटी तुमच्या डोळ्यांतून पाणी काढतात. माझे हाल कुणी केले नाहीत. उलट माझं कौतुकच झालं, आणि ज्या कामासाठी झालं ते काम अभिमानाने करण्यासारखं नव्हतं.

नेरळजवळच्या पोशीर गावात एका घराच्या पडवीत मी सध्या टांगलेला आहे. एक टोक खिळ्याला, दुसरं खांबाला, आणि मधे घरातल्यांचे ओले कपडे. अंगावर तीन ठिकाणी सुतळीने सांधलेल्या गाठी आहेत. पाहुणे आले की सून कपडे भराभर ओढून आत नेते. माझ्याकडे कुणी बघत नाही. बघू नये असंच मलाही वाटतं.

मला वळलं आबाजींनी. ते या घरातले म्हातारे, आता नाहीत. शेताच्या बांधावर ते अंबाडी लावायचे. तिच्या काठ्या ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात पंधरा दिवस कुजत ठेवायच्या, मग साल सोलायची, धुवायची, वाळवायची आणि मांडीवर वळायची. माझ्या पिळात आबाजींच्या मांडीचे दोन-चार केस अजून सापडतील. गुराच्या गळ्यात बांधतात त्या दोराला आमच्याकडे दावं म्हणतात. मी वासराचं दावं. वासराची मान कोवळी, तिला काचायला नको, म्हणून गळ्याकडच्या टोकाला त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. आबाजींच्या हातचं दावं म्हटलं की कळंबहून माणसं मागायला यायची. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पहिलं वर्ष मी एका पाड्याच्या, म्हणजे नर वासराच्या गळ्यात काढलं. आबाजींचा मुलगा येसाजी तेव्हा तरणाताठा होता आणि कामात जरा उरकाउरकीचा. एकदा त्याने पाड्याला गोठ्यामागे, गाय दिसणार नाही अशा जागी बांधलं आणि तो मोकळा झाला. पाडा सकाळभर हंबरला. दुपारी गप झाला. आबाजी शेतावरून आले, पाड्याकडे बघितलं आणि येसाजीवर उखडले.

"वासरू बांधायचं तर गाय दिसंल असं बांधावं रं! हंबरतंय तवर काळजी नाय. गप झालं का समजावं, त्यानं आईची आशा सोडली."

त्यांनी खुंटा उपटला आणि गोठ्याच्या तोंडाशी ठोकला. पाडा वाढला, बैल झाला, त्याच्या गळ्यात जाड दोर आला आणि मी खुंटीवर गेलो. आबाजींचं ते बोलणं मी ऐकलं होतं, एवढं ध्यानात ठेवा. पुढे जे झालं त्याला माझ्याकडे 'मला माहीत नव्हतं' अशी सबब नाही.

येसाजीचं लग्न झालं, सुंदरा घरात आली आणि वर्ष-दोन वर्षांत रूपेशचा जन्म झाला. हे पोर दीड वर्षाचं होऊन दुडूदुडू धावायला लागलं तेव्हा घरात त्याला बघायला कुणी नव्हतं. सासू आधीच वारलेली. येसाजी खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर, आठवड्यातून एकदा घरी येणार. आबाजी बैल घेऊन चिखलात. आणि आवणीचे दिवस आलेले. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, तिला इकडे आवणी म्हणतात. हे काम एकट्याचं नसतं. आज माझ्या शेतात दहा बायका, उद्या तुझ्या. जी दुसरीकडे जात नाही तिच्या शेतात कुणी फिरकत नाही.

घरामागून ओढा जातो. एका दुपारी सुंदरा चूल पेटवत होती तेवढ्यात पोर मागच्या दाराने निघालं आणि ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलेलं सापडलं. आणखी दोन पावलं गेलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. सुंदराने त्याला उचलून आणलं. शेतावर न्यावं तर बांधाला साप-विंचू, घरी ठेवावं तर ओढा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. बावीस वर्षांची पोरगी ती. तिला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला खुंटीवरून काढलं. लुगड्याची पट्टी रूपेशच्या कमरेला करगोट्यावरून गुंडाळली, पाठीमागे दोन गाठी मारल्या आणि दुसरं टोक पडवीच्या आतल्या खांबाला बांधलं. पुढ्यात वाटीत कुरमुरे ठेवले, एक रिकामा डबा आणि एक चमचा ठेवला. "आत्ता येते हां बाळा," म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली. मागे बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझी बढती झाली. वासरावरून माणसाच्या पोरावर!

मी काम चोख केलं. पोर उंबऱ्याकडे धावलं, मी त्याला हातभर अलीकडे थांबवलं. ते पडलं, उठलं, परत धावलं, परत थांबलं. मग उंबऱ्याकडे तोंड करून रडायला लागलं. आवाज बसेपर्यंत रडलं. दुपारी सुंदरा भाकरी घेऊन आली तेव्हा त्याने तिला अशी मिठी मारली की तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना. ती परत निघाली आणि परत तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जरा कमी. चौथ्या दिवशी सकाळी सुंदरा गेली, पोराने उंबऱ्याकडे एकदा बघितलं आणि ते चमचा घेऊन खाली बसलं. रडलं नाही. दुपारी ती आली तेव्हा उठून तिच्याकडे गेलंही नाही. चमच्याने डबा वाजवत राहिलं.

सुंदराने सुटकेचा निःश्वास सोडला. मीही.

आवणीला आलेल्या बायका जाता-येता पडवीत डोकावायच्या. "काय गुणाचं पोर गं हे! रडणं नाय, भोकणं नाय." सुंदराचा चेहरा फुलायचा. त्या बायकांत शेजारची गोदूबाई होती. तिची मुलगी छाया रूपेशच्याच वयाची. गोदूबाई तिला कडेवर घेऊन शेतावर जायची, बांधावर प्लॅस्टिकच्या कागदाच्या खोपटात बसवायची, आणि छाया रडली की चिखलाच्या हातांनी धावत यायची. तिची ओळ कायम मागे. बायका तिची टर उडवायच्या.

"गोदे, तू आवणीला आलीस का पोरीला खेळवायला?"

"काय करू गं," गोदूबाई म्हणायची, "माझी रडकी, सुंदरीचा शहाणा."

एका दुपारी आबाजी औत सोडून घरी आले. नातवाला खांबाशी बघून थबकले. पोराने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं आणि परत डब्याकडे वळलं. आबाजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "गप हाय ना? मंग बरं हाय."

ज्या तोंडाने त्यांनी पाड्यासाठी येसाजीला झापलं होतं, त्याच तोंडाने हे बोलले. त्यांना ते आठवलं नाही. मला आठवलं, मित्रांनो. मला शब्द न् शब्द आठवला. आणि मी काय केलं? मी फुशारून गेलो. 'शहाण्या पोराचं दावं' अशी माझी गावात ओळख झाली होती ना! पुढच्या वर्षी आणखी दोन घरच्या आयांनी आबाजींकडून माझ्यासारखंच दावं वळून नेलं. ती दोन्ही दावी कुठे गेली, त्यांनी कुणाला बांधलं, हा विचार मनात आला की माझा पीळ आवळतो.

असं दोन आवण्या आणि मधली कापणी चाललं. रूपेश तीन वर्षांचा झाला आणि एके दिवशी सुंदराने मला सोडून बाजूला टाकलं. "जा, खेळायला जा," म्हणाली. अंगणात गजा नावाचा शेजारचा मुलगा गाडीचा टायर काठीने पळवत होता. "ये ना रं रूप्या!" म्हणून हाका मारत होता. रूपेश उठला, उंबऱ्याकडे निघाला आणि हातभर अलीकडे थांबला. बरोबर तिथेच. मी तर चार पावलांवर कोपऱ्यात पडलो होतो. कमरेला काहीच नव्हतं. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला, परत फिरला आणि खांबाला टेकून बसला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. मी सुटलो होतो आणि तरी त्याला धरून होतो.

तसं बघायला गेलं तर पोराचं काहीच वाईट झालं नाही. दोन-चार दिवसांत तो उंबरा ओलांडून गेला, शाळेत गेला, पाढे पाठ म्हणू लागला. बाई म्हणायच्या, असा मुलगा वर्गात असावा. दुसरीत असताना तो शाळेच्या ओट्यावरून पडला. घरी आला, डाव्या हाताने जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशीही डाव्या हाताने जेवला. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना सुंदराने उजवं मनगट बघितलं तर ते टम्म सुजलेलं. मोडलं होतं.

"का रं सांगितलं नाय?" ती ओरडली.

पोर गोंधळून तिच्याकडे बघत राहिलं. सांगायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. प्लॅस्टर घालून घरी आणलं तेव्हा शेजारीपाजारी जमले आणि म्हणाले, केवढा सोशिक! सुंदरा हसली नाही. तिने खुंटीवर माझ्याकडे एक नजर टाकली आणि मान खाली घातली. तिला कळलं होतं. पण ती कुणाजवळ ब्र काढणार नव्हती, आणि मला तर तोंडच नाही.

वर्षं गेली. बैल विकले, शेतात यंत्र आलं. आबाजी गेले, तेव्हा रूपेश सगळी धावपळ करत होता आणि डोळे कोरडे. मागाहून येसाजीही गेला. मला खुंटीवरून काढून कपड्यांसाठी पडवीत ताणलं. गोदूबाईची छाया नर्सिंग शिकायला पनवेलला गेली तेव्हा गाडीत चढताना आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, आणि डोळे पुसून गेली. रूपेश कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला लागला, वरच्या जागेवर चढला. वेळेवर जाणार, वेळेवर येणार. हर्षला नावाची मुलगी त्याला दाखवली, लग्न झालं. ती कर्जतला औषधांच्या दुकानात काम करते. बोलकी आहे. सुरुवातीला ती त्याला म्हणायची, "अहो, काहीतरी बोला ना." तो विचार करून म्हणायचा, "गॅस संपत आलाय, नंबर लावायला पायजे." वाईट माणूस नाही हो तो. आजारी माणसाचं औषध तो कधी विसरणार नाही. फक्त उशाशी बसणार नाही.

मग त्यांना रुद्र झाला. हा मात्र रडका. म्हणजे गोदूबाईच्या छायासारखा, आणि सगळ्या लहान मुलांसारखा. सकाळी हर्षला स्कूटर काढायला लागली की तो दाराशी लोळण घ्यायचा. पडला की भोकाड, भूक लागली की भोकाड. हर्षला घरी असली की त्याला उचलायची. रूपेश असला की त्याचा एक नियम होता. तो समोर बसायचा आणि शांतपणे म्हणायचा, "आधी गप हो. मग घेतो." कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. पोर गप होईपर्यंत हाताची घडी घालून बसायचा, आणि गप झालं की शब्द पाळायचा, उचलून घ्यायचा.

"अहो, तो घाबरलाय, घ्या ना आधी," हर्षला म्हणायची.

"रडताना घेतलं का रडायची सवय लागते. मला कोण घेत होतं? मी बिघडलो काय?" आणि मग तो आईकडे वळायचा. "आई, मी रडायचो का गं लहानपणी?"

सुंदरा सुपात तांदूळ निवडत असायची. "नाय," ती मान वर न करता म्हणायची. "तू गुणाचा होतास."

ती असं म्हणाली की मला वाटायचं, इथेच तुटून पडावं.

वर्षभरात रुद्र सुधारला. रूपेशचा शब्द हा, सुधारला. रडणं कमी झालं. एका संध्याकाळी हर्षला कामावरून आली, पर्स ठेवली आणि सासूजवळ येऊन बसली. "आई, एक सांगू? पूर्वी मी आले की रुद्र गाडीपाशी धावत यायचा. आता बसल्या जागेवरून बघतो नुसता. माझं काही चुकतंय का हो?"

सुंदराचा हात सुपात थांबला. चुकलं कुणाचं होतं ते तिला ठाऊक होतं. सांगावं तर पोटच्या पोराला तोंडाने सांगायचं की तुला गुरासारखा बांधला होता. सून ऐकणार, गाव ऐकणार. न सांगावं तर नातू त्याच वाटेने जातोय, डोळ्यांदेखत जातोय. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पुढे आठ-दहा दिवस ती कपडे वाळत घालायला आली की मला धरून उगाच उभी राहायची.

मग तो रविवार आला. रूपेश गिरणीतून दळण घेऊन आला आणि मोटरसायकल अंगणात लावून आत गेला. रुद्र तिथेच खेळत होता. मी वरून बघितलं. त्याची पोटरी गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरला लागली. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. तो लंगडत पडवीत आला, आतल्या खांबाला टेकून बसला आणि पोटरीवर तळहात दाबून धरला. हनुवटी थरथरत होती. आवाज नाही.

सुंदरा त्याला कुरमुरे द्यायला आली. "काय लपवतोस रं?" म्हणून तिने त्याचा हात बाजूला केला. सुपारीएवढा फोड आला होता.

"रूपेश! पोर भाजलं रं!"

रूपेश धावत आला. त्याने अगदी जे करायचं ते केलं. थंड पाण्याचा तांब्या आणला, पोटरीवर हळूहळू पाणी सोडलं, मलमाची ट्यूब शोधून आणली. रुद्र दात आवळून बसला होता. रूपेशला त्याचं कौतुक वाटलं. मनापासून वाटलं.

"बघ आई, रडला पण नाय. शहाणा हाय माझा वाघ. अगदी माझ्यावर गेलाय."

रुद्रने बापाकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "पप्पा, मी गप हाय. आता घेशील?"

सुंदरा उठली. तिने मला दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला की खिळा भिंतीतून निघून आला. ओले कपडे फरशीवर पडले. तिने मला खांबावरून सोडलं आणि रूपेशच्या मांडीवर टाकलं.

"तो तुझ्यावर गेलाय," ती म्हणाली. "आणि तू ह्याच्यावर गेलायस."

रूपेशला काही कळेना. मग ती बोलत गेली. ओढ्यातलं पाणी, आवणी, खांब, कुरमुऱ्यांची वाटी, सगळं. तिचा आवाज चढला नाही. डोळे जमिनीवर होते. रूपेश माझ्या अंगावरून बोटं फिरवत होता. बोट फिरता फिरता जुन्या लुगड्याच्या पट्टीपाशी आलं आणि तिथे थांबलं.

"हे गुराचं हाय ना?"

"हाय."

"किती दिवस?"

"दोन आवण्या. आन मधली कापणी."

"मी रडायचो?"

"तीन दिस रडलास. मंग गप झालास, आन मी गावभर सांगत सुटले, माझं पोर किती शहाणं. तू शहाणा नव्हतास रं. तू दमला होतास. मनगट मोडलं तवा मला कळलं. तवा बी मी तोंड उघडलं नाय. लाज वाटली."

रूपेशने ती पट्टी मुठीत धरली. मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने आईचीच बाजू घेतली. "मग तू तरी काय करणार होतीस? मागं ओढा होता."

"बांधलं त्याचं नाय म्हणत मी," सुंदरा म्हणाली. "बांधायलाच लागलं. पण सांजच्याला घरी आले का तुला उराशी धरून बसायला पायजे होतं. तू काय दिवसभराचं रडशील ते रडू द्यायला पायजे होतं. मी म्हणायचे, गप हाय तर कशाला छेडा. भात टाकायचे आन कामाला लागायचे."

एवढ्या बोलण्यात रुद्र तसाच बसून होता. खांबाला टेकून, गप, कुणीतरी घेईल म्हणून. रूपेशचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याने मला बाजूला ठेवलं आणि पोराला उचललं. धान्याचं पोतं उचलावं तसं उचललं, त्याला दुसरं येत नव्हतं.

"दुखतंय?"

रुद्रने मान डोलावली, आणि बापाचा चेहरा निरखून विचारलं, "रडू?"

"रड."

पोराला लगेच रडता येईना. ओठ नुसतेच हलले. मग तो असा रडला की मागे ओढ्याकाठी भांडी घासणारी हर्षला राखेच्या हातांनी धावत आली. रूपेश मधोमध उभा, पोर त्याच्या गळ्याला घट्ट बिलगलेलं, आणि त्याला काय करावं ते समजत नव्हतं. त्याने बायकोकडे बघितलं.

"असंच धरा," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"त्याचं होईपर्यंत."

तो उभा राहिला. त्याचं होईपर्यंत उभा राहिला.

संध्याकाळी रूपेशने मला उचलून आईला विचारलं, "ह्याला बंबात घालू काय?" मला मनातून तेच हवं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण माझा पीळ कधीच गेला होता, जळून गेलो असतो तर सुटलो असतो. सुंदरा म्हणाली, "नको. राहू दे. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे." म्हणून मी पुन्हा इथे आहे, नव्या खिळ्याला.

रुद्र एका दिवसात पहिल्यासारखा झाला, असं समजू नका. अजूनही पडला की आधी बापाचा चेहरा बघतो. रूपेशच्या तोंडात अजूनही "आधी गप" येतं, ते तो गिळतो आणि पुढे होतो. कधी गिळायचं राहून जातं. जे वळायला वर्षं लागली ते उकलायलाही वर्षं लागणार, हे दोराला कुणी शिकवायला नको.

मित्रांनो, तुम्ही मला जपा, पुसा, सावलीत ठेवा, असं काही मी मागणार नाही. तुमच्या घरी एखादं लहान भावंड असेल आणि लोक म्हणत असतील, किती शहाणं, अजिबात रडत नाही, तर जरा त्याच्याजवळ जाऊन बसा. कदाचित ते खरंच आनंदात असेल. कदाचित नसेल. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल तर आईला, बापाला, आजीला, ज्याला सांगता येईल त्याला सांगा. गप बसल्याची शाबासकी घेऊ नका. त्या शाबासकीवर मी तीस वर्षं जगलो, आणि आज तुमच्यासमोर मान वर करून बोलता येत नाही.

खरं तर माझी गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परवा एक झालं. रूपेश कामावरून आला, हातपाय धुतले, आणि आत न जाता पडवीत आईच्या शेजारी बसला. ती तांदूळ निवडत होती. त्याने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग तो समोर अंगणाकडे बघत म्हणाला, "आई, आज कंबर लय दुखते."

तेहतीस वर्षांचा झाला तो. आईला सांगितलेलं हे त्याचं पहिलं दुखणं. सुंदराने सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे सरकली.

"कुठं रं?" ती म्हणाली. "दाखव बघू मला."